आठशे किलो

नागपूर ते मुंबई, आभाळात सरळ दोरी धरली तर
तीनशे अडुसष्ट नॉटिकल मैल.
पण विमान दोरीवरून चालत नाही.
कुठल्याच भाषेत नसलेल्या
पाच-पाच अक्षरी नावांवरून वळत वळत येतं,
म्हणून मी पुढे आणखी थोडे मैल मांडते.

सांताक्रूझच्या या खोलीला खिडकी नाही.
एकवीस वर्षं इथे बसून
कोण किती लांब आहे ते लिहिते:
इंधन, वजन, वारा,
मुंबई बंद झाली तर अहमदाबाद,
अहमदाबादही नाही म्हणालं तर
त्याचाही एक रकाना असतो.

हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेचा.
म्हणजे माहेरी जाताना पाठीशी
आणि येताना तोंडावर.
बारा-एक मिनिटांचा फरक पडतो.
हे मला पाठ आहे.
वापरलं नाहीये, नऊ वर्षांत.

आई म्हणायची, एकमेकींना अंतर देऊ नका.
आम्ही दिलं.
दागिने-बिगिने काही नव्हतं भांडायला.
तिच्या शेवटच्या महिन्यातल्या औषधांचा हिशोब
कुंदाताईने वहीचं पान फाडून पोस्टाने पाठवला,
खाली बेरीज, बेरजेखाली भागिले दोन.
मी चेक पाठवला,
पन्नास पैशांसकट.

आणि आता जानेवारीत, रविवारी रात्री, फोनवर दोन ओळी:
मंगळवारी दुपारच्या विमानाने येतेय.
किती वेळ लागतो गं?

मी लिहिलं, वेळापत्रकात एक तास पस्तीस,
त्यातला हवेत एक-दहा, बाकीचा जमिनीवरच जातो,
रांगेत, वळणात, दार उघडायची वाट बघण्यात,
आणि वारा जर
सगळं पुसलं.
‘दीड तास’ एवढंच पाठवलं.

मंगळवारी तो आराखडा माझ्याच हाताखाली आला.
लागतं तेवढं इंधन भरलं,
नियमाने ठेवायचं तेवढं वर ठेवलं,
मग आणखी आठशे किलो.
कारणाच्या रकान्यात लिहिलं: मुंबईवर गर्दी.
कॅप्टन मथाईंचा नागपुरातून फोन,
आकाश काचेसारखं आहे मॅडम, एवढं कशाला?
असू द्या, म्हटलं.

तीन वाजून दहा मिनिटांनी
धावपट्टीवर कुणाच्या तरी टायरचं साल सापडलं.
येणारे सगळे वरच थोपवले.
पडद्यावर तिचा ठिपका
भाईंदरच्या मिठागरांवर अंडाकृती फिरू लागला.
चार मिनिटांचा एक फेरा.
फेऱ्यांचं अंतर कुठल्या तक्त्यात धरत नाहीत;
तीनशे अडुसष्टचे तीनशे अडुसष्टच राहतात.
तिसऱ्या फेऱ्याला तिच्या पुढचं विमान
इंधन नाही म्हणून अहमदाबादला वळलं.
मी चहा घेतला नाही.
निखत म्हणाली, तुझा हात बघ.
पाचव्या फेऱ्यानंतर मथाईंना खाली बोलावलं.

खुर्ची निखतला दिली आणि निघाले.
सांताक्रूझहून सहार,
मधे फक्त ती धावपट्टी,
रिक्षाने चाळीस मिनिटं.

कठड्यापलीकडून ताई आली.
केस पूर्ण पांढरे. हे मला कुणी कळवलं नव्हतं.
“काहून गं, दीड तास म्हणाली होतीस नं?
पाच वेळा तेच मिठागर दाखवलं त्यानं.
मोजलं मी.”
सांगणार होते, ते पाच फेरे
“गर्दी होती,” म्हटलं.

“हे धर. जड आहे.”
पिशवीच्या तोंडाशी संत्र्याची पानं.
किती, विचारलं मी, सवयीने.

“ते बी मोज आता,” म्हणाली
आणि पुढे चालू लागली,
चुकीच्या दाराकडे.